निरागसता कुणाच्या वाट्याला? मराठी साहित्यातली मुलं आणि त्यांचं मोठं होणं

‘मुलांना जात शिकवू नका, ती निरागस असतात.’ वस्तीत काम करायला लागल्यापासून हे वाक्य आम्ही किती वेळा ऐकलं याची गणती नाही. अभ्यासिकेच्या कपाटात दलित आत्मकथनं ठेवली की कुणीतरी म्हणतं, एवढ्या लहान वयात हे कशाला? चौदा एप्रिलला मुलांसमोर महाडच्या तळ्याची गोष्ट सांगितली की एखादे शिक्षक बाजूला घेऊन सांगतात, त्यांचं बालपण हिरावून घेऊ नका. बोलणारे बहुतेक चांगल्या मनाचे असतात. त्यात सवर्ण असतात, तसे आपलेही असतात. आपल्यातले काही आईबाप तर मुलाला नव्या शाळेत घालताना आडनाव बदलून टाकतात. कारण एकच, पोराला एवढ्यात काही कळू नये.

या वाक्याचा राग मानून भागणार नाही. ते तपासलं पाहिजे. निरागसता म्हणजे नेमकं काय, ती कुणाला मिळते, किती वर्षं टिकते, आणि ती गेल्यावर काय उरतं? या प्रश्नांची उत्तरं शोधायला साहित्यासारखी दुसरी जागा नाही. कोवळ्या वयाचा नायक, त्याला बसलेला पहिला धक्का आणि त्यातून त्याचं मोठं होणं, या विषयावर जगभर कादंबऱ्या लिहिल्या गेल्या. मराठीतही अशा पुस्तकांची मोठी परंपरा आहे. ही पुस्तकं एकमेकांशेजारी ठेवून वाचली, तर मुलांच्या मोठं होण्याचा एक सामाजिक इतिहास समोर येतो. तो इथे मांडायचा प्रयत्न करत आहोत.

न पाहिलेल्या दुःखाची गोष्ट

निरागसता गमावण्याची आपल्याकडची सगळ्यांत प्रसिद्ध गोष्ट सिद्धार्थाची आहे. राजवाड्यात वाढलेला राजपुत्र एके दिवशी बाहेर पडतो, म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहतो, आणि त्याचं जग कोसळतं. शाळेच्या पुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या हीच गोष्ट सांगितली गेली.

बाबासाहेबांनी ती नाकारली. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्धा अँड हिज धम्म’च्या प्रस्तावनेतच त्यांनी साधा प्रश्न विचारला. गृहत्याग केला तेव्हा सिद्धार्थ एकोणतीस वर्षांचे होते. म्हातारपण, आजार आणि मृत्यू या रोजच्या गोष्टी त्याआधी त्यांच्या नजरेला पडल्याच नसतील, हे कुठल्या बुद्धीला पटेल? त्याऐवजी बाबासाहेबांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात झालेला तंटा मध्यभागी आणला. शाक्यांच्या संघाने युद्धाचा ठराव केला. सिद्धार्थांनी विरोध केला. मग कुटुंबावर सामाजिक बहिष्कार घालण्याची आणि शेतजमीन जप्त करण्याची धमकी आली. तेव्हा कुटुंबाला शिक्षा होऊ नये म्हणून त्यांनी परिव्रज्या स्वीकारली.

दोन्ही गोष्टींत एक तरुण घर सोडतो, पण कारण वेगळं आहे. पहिल्या गोष्टीत त्याला आजवर काही दिसलंच नव्हतं, ते दिसतं आणि तो हादरतो. दुसरीत त्याला सगळं दिसत असतं, पण ‘हे असंच चालायचं’ असं म्हणायला तो नकार देतो. पहिली गोष्ट वाड्यातल्या मुलाची. वाड्याच्या बाहेर राहणाऱ्याला म्हातारपण आणि मरण कुणी दाखवावं लागत नाही. बाबासाहेबांना दुसरी गोष्ट खरी वाटली यात आम्हाला नवल वाटत नाही. हा फरक लक्षात ठेवून मराठीतल्या मुलांकडे पाहू.

श्याम, पांडुरंग आणि मुकुंद

१९३३ साली नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. १९३५ साली ती पुस्तकरूपाने आली. कोकणातल्या, उतरत्या दिवसांतल्या खोताच्या घरचा श्याम आईकडून एकेक धडा शिकत मोठा होतो, आणि आईच्या मृत्यूने त्याचं बालपण संपतं. महाराष्ट्रात क्वचितच असं घर असेल जिथे या पुस्तकाने कुणाला रडवलं नाही.

त्यात एक प्रसंग आहे. एका म्हाताऱ्या महार बाईची लाकडाची मोळी खाली पडली आहे. तिला हात लावायला कुणी पुढे येत नाही. आई श्यामला मोळी तिच्या डोक्यावर चढवायला पाठवते, आणि घरी आल्यावर आंघोळ करायलाही सांगते. त्या काळातल्या ब्राह्मण घरातल्या बाईने एवढं करणं ही लहान गोष्ट नव्हती. पुढे १९४७ साली पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी प्राणांतिक उपोषण केलं. त्या माणसाच्या तळमळीबद्दल आम्हाला शंका नाही. पण वाचक म्हणून आम्ही मोळीच्या दुसऱ्या टोकाला उभे आहोत. त्या म्हातारीसोबत तिचा नातू असता तर तो काय शिकला असता? श्याम त्या दुपारी करुणा शिकला. नातू शिकला असता की आपल्या आजीला शिवलं की माणसाला आंघोळ करावी लागते. प्रसंग एक, पण एका मुलाचं मन त्याने मोठं होतं आणि दुसऱ्याचं मोडतं. पुस्तक पहिल्या मुलाचं आहे. दुसरा मुलगा त्यात नाही.

१९६३ साली भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ आली. खानदेशातल्या सांगवीचा पांडुरंग सांगवीकर पुण्याला कॉलेजात येतो, वसतिगृहात राहतो, पैसे उडवतो, परीक्षांत घसरतो. धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते आणि तो आतून कोसळतो. शेवटी पदवी न घेताच गावी परततो. मराठी कादंबरीला या पुस्तकाने नवी भाषा दिली, हे मान्यच आहे. पांडुरंग ब्राह्मण नाही, पुण्याच्या पांढरपेशा जगात तोही उपराच आहे. पण त्याच्या सगळ्या निराशेखाली एक भक्कम जमीन आहे, अगदी शब्दशः. परत जायला गाव आहे, घर आहे, शेती आहे, रागावणारा का होईना पण पैसे पाठवणारा बाप आहे. शिक्षण अर्धवट सोडणं त्याला परवडतं. आयुष्याला काही अर्थ नाही असं म्हणायलाही काही वर्षांची मोकळीक लागते. ती त्याला बापाच्या शेताने दिली.

२००४ साली मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ आली. आणीबाणीचा काळ, नववीतला मुकुंद जोशी, त्याची मित्रमंडळी आणि वर्गातली शिरोडकर. वर्ष संपतं, शिरोडकर गाव सोडून जाते, आणि मुकुंदला कळतं की शाळा हे संपूर्ण जग नव्हतं. आमच्या अभ्यासिकेतल्या मुलांनाही हे पुस्तक आवडतं. आवडायलाच हवं, कारण त्या वयातली धडधड खरी आहे. पण मुकुंदच्या वाट्याला आलेली एक गोष्ट नीट पाहा. चौदाव्या-पंधराव्या वर्षापर्यंत त्याला स्वतःबद्दल एकही प्रश्न पडलेला नाही. ‘मी इथे बसू शकतो का?’, ‘मी या पाण्याला हात लावू का?’, ‘माझं आडनाव ऐकून ती काय म्हणेल?’ असल्या प्रश्नांची त्याला गरजच पडत नाही. त्याचा सगळा वेळ प्रेमासाठी मोकळा आहे.

म्हणजे श्यामचं बालपण मृत्यूने संपतं, पांडुरंगची उमेद मृत्यूने आणि निरर्थकतेने संपते, मुकुंदचं शाळकरीपण विरहाने. तिघांचं दुःख खरं आहे. तिघेही शेवटी ‘जग असं आहे’ इथे येऊन थांबतात. ‘मीच असा घाण आहे’ असं त्यांच्यापैकी कुणाला वाटावं लागत नाही.

मुलींचं काय?

इथे कुणी म्हणेल, सवर्ण घरात जन्मलं की बालपण मिळतंच असं थोडंच आहे? आक्षेप बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर शंभर वर्षांहून जुन्या एका कादंबरीत आहे. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ १८९० पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः येऊ लागली. तिची नायिका यमू स्वतःची कहाणी स्वतः सांगते. ब्राह्मण घरातली चुणचुणीत मुलगी, लहानपणीच लग्न, थोडे सुखाचे दिवस, मग नवऱ्याचा मृत्यू, आणि सासरी जबरदस्तीने केलेलं केशवपन. यमूला मुकुंदसारखी नववीची मोकळी दुपार कधी मिळालीच नाही.

हे का घडतं, याचं उत्तर कादंबरीत करुणेच्या रूपात आहे, सिद्धांताच्या रूपात नाही. सिद्धांत बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या ‘कास्ट्स इन इंडिया’ या निबंधात मांडला. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या प्रथा जातीबाहेर लग्न होऊ नये म्हणून रचलेल्या आहेत, असं त्यांनी दाखवून दिलं. जात टिकवायची तर बाईवर पहारा हवा, आणि पहारा ती लहान असतानाच सुरू झाला पाहिजे. यमूचं बालपण जातीच्या कुंपणासाठीच बळी गेलं. ती कुंपणाच्या आतल्या बाजूला होती, एवढाच फरक. म्हणून निरागसतेची वाटणी जातीने होते असं आम्ही म्हणतो, तेव्हा त्या वाटणीत सवर्ण मुलीलाही पूर्ण हिस्सा मिळालेला नाही, हे आम्ही विसरत नाही.

दोन निबंध

आता कुंपणाच्या बाहेर येऊ. १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात एका शाळकरी मुलीचा निबंध छापून आला. मुलीचं नाव मुक्ता साळवे. मांग समाजातली, फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेली. मांग-महारांच्या दुःखाबद्दल तिने लिहिलं. वाड्यांच्या पायात तेल-शेंदूर पाजून पुरली जाणारी माणसं, छपराविना उघड्यावर बाळंत होणाऱ्या बाया, आणि ज्या धर्माचे ग्रंथ वाचायचा आम्हाला अधिकार नाही तो धर्म आमचा कसा, हा सवाल. मराठीत दलित मुलाचा आवाज छापील अक्षरांत आला, त्याची ही अगदी सुरुवातीची नोंद आहे. ती मुलगी निरागस होती का? ‘न पाहिलेली’ या अर्थाने नक्कीच नव्हती. पण ती मोडलेलीही नव्हती. तिला प्रश्न विचारायला शिकवलेलं होतं.

दुसरा निबंध कधी लिहिलाच गेला नाही. १९८४ साली शरणकुमार लिंबाळे यांचं ‘अक्करमाशी’ आलं. त्यात सुरुवातीलाच शाळेची सहल आहे. सवर्ण मुलं एका झाडाखाली जेवतात, महारांची मुलं दुसऱ्या झाडाखाली. सवर्ण मुलांचं उरलेलं अन्न गोळा करून या मुलांना दिलं जातं, आणि भुकेली मुलं त्यावर तुटून पडतात. घरी येऊन सांगितल्यावर आई विचारते, माझ्यासाठी थोडं का आणलं नाहीस? दुसऱ्या दिवशी वर्गात गुरुजी सहलीवर निबंध लिहायला सांगतात. मुलाला लिहायला सुचत नाही. वर शिव्या मिळतात.

मुक्ताने लिहिलं आणि शरणकुमारला लिहिता आलं नाही, असं का? सव्वाशे वर्षांत परिस्थिती बिघडली होती म्हणून नव्हे. मुक्ताच्या वर्गात समोर फुल्यांचा विचार होता. या मुलाच्या वर्गात समोर होते ते उष्टं गोळा करायला लावणाऱ्या व्यवस्थेचेच गुरुजी. वेदना तीच, पण ती मांडायची भाषा देणारं माणूस त्या दिवशी तिथे नव्हतं. तो निबंध लिहायला त्या मुलाला मोठं व्हावं लागलं, आणि तो लिहिला तेव्हा त्याचं पुस्तक झालं.

१९०१ ची बैलगाडी

या दोन निबंधांच्या मधोमध आम्ही तिसरी एक गोष्ट ठेवतो. १९०१ चा उन्हाळा. वडील कोरेगावला नोकरीवर. नऊ-दहा वर्षांचे भीमराव भावाभाच्यांसोबत साताऱ्याहून त्यांना भेटायला निघतात. नवे कपडे, रेशीमकाठी धोतरं, जरीच्या टोप्या, आणि आयुष्यातला पहिला आगगाडीचा प्रवास. मसूर स्टेशनवर उतरतात तर घ्यायला कुणी आलेलं नाही, कारण कळवलेलं पत्र वडिलांना मिळालेलंच नव्हतं. स्टेशनमास्तर आधी आपुलकीने चौकशी करतो, आणि जात कळताच त्याचा चेहरा बदलतो. बैलगाडीवाले यायला तयार नाहीत. शेवटी दुप्पट भाडं देऊन, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूने चालणार, अशा अटीवर प्रवास सुरू होतो. डब्यात जेवण आहे, पण प्यायला पाणी मिळत नाही. रात्र तशीच जाते.

बाबासाहेबांनी हे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लिहून ठेवलं आहे. त्यात एक मुद्दा आहे जो बहुतेक वेळा सुटून जातो. या प्रसंगाआधी आपल्याला अस्पृश्यता माहीत नव्हती, असं ते म्हणत नाहीत. शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसायचं, नळाला हात लावायचा नाही, शिपायाने नळ उघडला तरच पाणी, हे सगळं त्यांना माहीत होतं. पण ते सवयीचं होतं, ऊन-पावसासारखं. कोरेगावच्या वाटेवर पहिल्यांदा त्यांना धक्का बसला, आणि त्या धक्क्याने विचार करायला लावलं.

आमच्या मते या विषयातलं हे सगळ्यांत महत्त्वाचं निरीक्षण आहे. अस्पृश्य मुलाची निरागसता म्हणजे अन्याय माहीत नसणं नव्हे. अन्याय माहीत असूनही तो नैसर्गिक वाटणं, ही त्याची निरागसता. सवर्ण मुलाची निरागसता म्हणजे हाच अन्याय रोज शेजारी घडत असूनही दिसत नसणं. एकाची गेली तर तो दुःखी होतो आणि त्यावर सुंदर कादंबरी लिहिली जाते. दुसऱ्याची गेली तर तो माणूस होतो. म्हणून निरागसता गमावणं या एकाच शब्दप्रयोगाखाली दोन्ही गोष्टी ठेवणं चूक आहे. आपल्याकडे दुसऱ्या गोष्टीला वेगळा शब्द आहे: भान येणं.

कादंबरी की आत्मकथन?

काही समीक्षक विचारतील की तुम्ही कादंबऱ्यांची तुलना आत्मकथनांशी का करता? एक कल्पित, दुसरं घडलेलं. उत्तर असं की ही वाटणीच इतिहासाने केली आहे. ‘कोसला’ आली त्याच १९६३ साली बाबूराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह आला. दोन्हींत तरुण माणूस आहे, दोन्हींत शहर आहे, दोन्हींत परकेपण आहे. एकाला आयुष्य निरर्थक वाटतं. दुसऱ्याला भाड्याची खोली मिळवण्यासाठी जात लपवावी लागते, आणि ती उघडी पडताच मार खावा लागतो. पिढीचं पुस्तक म्हणून आपल्या वाङ्मयीन इतिहासाने मुख्यतः पहिलं मिरवलं.

त्यानंतर १९७८ साली दया पवार यांचं ‘बलुतं’ आलं, १९७९ साली प्र. ई. सोनकांबळे यांचं ‘आठवणींचे पक्षी’, १९८० साली लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’. बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ १९८६ साली पुस्तकरूपाने आलं. ते त्यांनी घरच्यांपासून लपवून लिहिलं आणि वर्षानुवर्षं लपवून ठेवलं होतं. या सगळ्यांना कादंबरी लिहिता येत नव्हती असं नाही. ‘बलुतं’ची रचनाच पाहा. शिकलेला, लेखक झालेला दया पवार समोर बसलेल्या दगडू मारुती पवारकडून त्याची कहाणी ऐकतो. दोघं एकच माणूस. वाढलेल्या माणसाने स्वतःतल्या मुलाला वेगळं बसवून बोलतं केलं आहे. यापेक्षा कादंबरीमय रचना कोणती हवी? पण त्याने ते ‘खरं घडलं’ म्हणून सांगितलं, कारण समोरचा वाचक ‘असं कुठे असतं का?’ असं म्हणणारा होता. ज्याच्या शब्दावर आधीच विश्वास आहे तो कल्पित लिहू शकतो. ज्याच्यावर नाही, त्याला साक्ष द्यावी लागते.

स्काऊट आणि पेकोला

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या प्रश्नांतलं साम्य नोंदवलं होतं. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं. म्हणून तिथल्या दोन मुलींकडे पाहणं गैर ठरणार नाही.

हार्पर ली यांची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ १९६० साली आली. अलाबामातल्या एका गावात स्काऊट ही गोरी मुलगी वाढते. वकील बाप टॉम रॉबिन्सन या काळ्या माणसाचा खटला लढवतो. आरोप खोटा असल्याचं कोर्टात दिसतं, तरी ज्युरी त्याला दोषी ठरवते, आणि पुढे तो तुरुंगातून पळताना गोळ्या घालून मारला जातो. स्काऊट आणि तिचा भाऊ जेम यांची निरागसता संपते, आणि जग त्या पुस्तकावर प्रेम करतं. टॉमलाही मुलं आहेत. त्यांची काय अवस्था झाली याची कादंबरी ली यांनी लिहिली नाही. श्यामच्या मोळीसारखंच हे आहे.

१९७० साली टोनी मॉरिसन यांची ‘द ब्लूएस्ट आय’ आली. तिच्यात टॉमच्या मुलांसारखी एक मुलगी मध्यभागी आहे. अकरा वर्षांची पेकोला. ती कुरूप आहे असं तिला शाळेने, दुकानदाराने, सिनेमाने आणि घरानेही सांगितलं आहे. तिची एकच इच्छा आहे, निळे डोळे मिळावेत. घरात तिच्यावर अत्याचार होतो, आणि शेवटी तिचं मन फाटतं. निळे डोळे मिळाले, या भ्रमात ती जगत राहते. पेकोलाला सगळं सोसावं लागलं, पण दोष कुणाचा हे तिला कुणीच सांगितलं नाही. म्हणून तिने तो स्वतःवर घेतला.

दोष कुणाच्या नावावर?

या सगळ्या मुलांना एकत्र उभं केलं की आम्हाला एक गोष्ट दिसते. धक्का प्रत्येकाला बसतो. पुढचं सगळं एका प्रश्नावर ठरतं: मूल दोष कुणाच्या नावावर लिहितं? मुकुंद तो नशिबाच्या नावावर लिहितो, पांडुरंग आयुष्याच्या. पेकोला स्वतःच्या नावावर लिहिते आणि संपते. भीमराव तो व्यवस्थेच्या नावावर लिहायला शिकतात, आणि १९२७ साली चवदार तळ्यावर उभे राहतात.

स्वतःच्या नावावर लिहिलेला दोष व्यवस्थेच्या नावावर कसा जातो? मध्ये कुणीतरी उभं राहावं लागतं. ऊर्मिला पवार यांचं ‘आयदान’ २००३ साली आलं. त्यात रत्नागिरीकडची शाळकरी मुलगी आहे. गुरुजी तिला शाळेतलं शेण काढायला सांगतात, ती नकार देते आणि मार खाते. घरी आई आहे, आयदानं विणून घर चालवणारी. ती गुरुजींना गाठून जाब विचारते. आईच्या त्या भांडणाने मुलीला कळतं की चूक तिची नव्हती. पेकोला आणि ही मुलगी यांच्यात अंतर आहे ते या आईएवढं.

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’तला जब्याही याच ओळीत येतो. चित्रपट २०१४ साली महाराष्ट्रात प्रदर्शित झाला. कैकाडी घरातल्या या मुलाचं वर्गातल्या शालूवर प्रेम आहे, मुकुंदचं शिरोडकरवर असावं तसंच. पण शालूच्या देखत त्याला घरच्यांसोबत डुक्कर पकडावं लागतं, आणि ते वाहून नेताना वाटेतल्या भिंतीवर फुले, आंबेडकर, गाडगेबाबा रंगवलेले असतात. अखेरीस तो दगड उचलतो आणि आपल्या दिशेने, प्रेक्षकांच्या दिशेने भिरकावतो. त्या क्षणापर्यंत त्याला स्वतःची लाज वाटत होती. दगड सुटतो तेव्हा लाजेची दिशा बदललेली असते.

आमच्या अभ्यासिकेतल्या सातवीतल्या एका मुलीचा अनुभव इथे सांगतो. तिच्या शाळेत शिष्यवृत्तीची नावं वर्गासमोर मोठ्याने, जातीसकट वाचली गेली. मागच्या बाकांवर हसणं झालं. संध्याकाळी तिने आम्हाला विचारलं, ‘फॉर्म भरला तेव्हा माझं काही चुकलं का?’ त्या मुलीला जात आम्ही शिकवली नव्हती. शाळेने शिकवली होती, आणि दोषही तिच्याच नावावर लिहून दिला होता. तिच्या घरच्यांनी आडनाव बदललं असतं तरी यादीतली जात बदलली नसती.

मग काय करायचं?

‘मुलांना जात शिकवू नका’ म्हणणाऱ्यांना आमचं सांगणं एवढंच आहे. जात मुलाला कळणारच आहे. यादीतून, बाकावरून, मित्राच्या घरच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून, लग्नाच्या वयात एखाद्या नकारातून. प्रश्न तो दिवस आधी कळवायचा की नाही हा नसून, त्या दिवशी मुलाच्या हातात काय असेल हा आहे. मुक्ता साळवेसारखा सवाल असेल, की कोरा कागद?

लहानग्यांना क्रौर्याची वर्णनं ऐकवा असं आम्ही म्हणत नाही. कोणत्या वयाला कोणती गोष्ट, याचं तारतम्य हवंच. चौथीतल्या मुलाला १९०१ ची बैलगाडी सांगता येते. त्याला तहान कळते, दुप्पट भाडं कळतं, आणि चूक गाडीवाल्याची होती हेही लगेच कळतं. आठवी-नववीत ‘शाळा’ आणि ‘आयदान’ एकाच महिन्यात वाचता येतात. मुकुंदची धडधड आपल्या मुलांच्याही हक्काची आहे, ती त्यांच्यापासून काढून घ्यायचा अधिकार कुणाला नाही. अकरावी-बारावीत ‘कोसला’सोबत बागूल वाचावेत, आणि एकाच वर्षी आलेल्या दोन पुस्तकांतलं तरुणपण एवढं वेगळं का, यावर वाद घालावा.

हे वाचन फक्त बुद्धविहारात आणि वस्तीतल्या अभ्यासिकेत होऊन चालणार नाही. सोसायट्यांतल्या मुलांना त्याची जास्त गरज आहे. श्यामने मोळी उचलून दिली, ते चांगलंच केलं. पण घरी आल्यावर आंघोळ का करायची, हा प्रश्न आईला विचारायला आजच्या श्यामला कुणीतरी शिकवलं पाहिजे. तो प्रश्न विचारल्याने त्याची जी निरागसता जाईल, तिच्याबद्दल आम्हाला दुःख नाही. ती नेहमीच दुसऱ्या मुलाच्या जिवावर पोसलेली होती.

आणि आपल्या आईबापांना हात जोडून विनंती. मुलाला आडनाव लपवायला सांगताना आपण त्याला जपतो आहोत असं आपल्याला वाटतं. मूल मात्र त्यातून एकच गोष्ट शिकतं: आपल्यात लपवण्यासारखं काहीतरी आहे. बागूलांच्या कथेतल्या माणसाला ते ओझं मोठेपणी पेलवलं नाही. सात वर्षांच्या पोराच्या डोक्यावर ते देऊ नका. त्याला भीमरावांची गोष्ट सांगा, मुक्ताची सांगा. मग शाळेत यादी वाचली जाईल तेव्हा ते मान खाली घालणार नाही. घरी येऊन ‘माझं काय चुकलं’ असं न विचारता ‘त्यांनी असं का केलं’ असं विचारेल.

जय भीम.